बोलावणं आलं तरच खेळायचं! स्नूकरमधल्या ‘निमंत्रितांच्या स्पर्धा’ नेमक्या असतात तरी काय?

ऑक्टोबर २०२२. हाँगकाँग कोलिझियम खचाखच भरलेलं. उपांत्य सामना ५-५ असा बरोबरीत आणि शेवटची, निर्णायक फ्रेम सुरू. एका बाजूला चार वेळचा विश्वविजेता, स्कॉटलंडचा जॉन हिगिन्स. दुसऱ्या बाजूला हाँगकाँगचाच मार्को फू. फूने टेबलाचा ताबा घेतला आणि एकही चूक न करता सगळे चेंडू संपवले. १४७ गुण. स्नूकरमध्ये हा परफेक्ट स्कोअर मानला जातो. तोही घरच्या प्रेक्षकांसमोर, फायनल की घरचा रस्ता हे ठरवणाऱ्या फ्रेममध्ये. हा ब्रेक आजही रील्समधून फिरतो, आणि स्नूकर अजिबात न कळणारी माणसंही तो शेवटपर्यंत बघतात.

आता यातली गंमत बघा. या कामगिरीबद्दल फूला जागतिक क्रमवारीत किती गुण मिळाले? शून्य.

दुसऱ्या दिवशी फायनल झाली. सुमारे ९ हजार प्रेक्षक आले होते आणि स्नूकरच्या सामन्यासाठी ही गर्दी विक्रमी ठरली. रॉनी ओ’सुलिव्हनने फूला ६-४ असं हरवलं. ओ’सुलिव्हनच्या क्रमवारीतही या विजयाने काहीच भर पडली नाही. कारण ‘हाँगकाँग मास्टर्स’ ही निमंत्रितांची, म्हणजे इन्व्हिटेशनल स्पर्धा होती. तिथे फक्त आठ जण खेळले आणि आठही जणांना बोलावलं होतं. त्यातले सहा जगातल्या आघाडीच्या खेळाडूंपैकी, आणि दोन हाँगकाँगचे: एक फू आणि दुसरी तीन वेळची महिला विश्वविजेती ऑन-यी. क्रमवारीनुसार आठ नावं काढली असती तर या दोघांचाही नंबर लागला नसता. म्हणजे ज्या क्लिपवर जग फिदा झालं, ती क्लिपच तयार झाली नसती.

जत्रेतल्या कुस्त्या आठवा

आपल्याकडे ही पद्धत समजावून सांगायची गरज पडू नये. जालना जिल्ह्यातलं कुंभार पिंपळगाव असो की कोल्हापूरकडचं एखादं गाव, जत्रेत कुस्त्यांचा फड कसा भरतो ते बहुतेकांनी पाहिलेलं असतं. दुपारी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या, नारळावरच्या कुस्त्या. ज्याला वाटेल त्याने लंगोट लावून उतरायचं. जसजसा दिवस कलतो तसतशी इनामाची रक्कम वाढत जाते. आणि शेवटची मानाची कुस्ती? ती जोड पंच कमिटीने आधीच ठरवलेली असते. दोन नावाजलेल्या मल्लांना बोलावणं धाडलेलं असतं, बिदागी ठरलेली असते, पोस्टरवर फोटो छापलेले असतात. त्या कुस्तीसाठी कुणी ऐनवेळी ‘मी पण लढतो’ म्हणत नाही. म्हणून काही चालत नाही.

ती कुस्ती जिंकलेला मल्ल रोख इनाम घेऊन जातो, फेटा बांधून त्याची मिरवणूक निघते. पण म्हणून तो महाराष्ट्र केसरीच्या आखाड्यात थेट पोचत नाही. तिथे जायचं तर आपल्या जिल्ह्याच्या निवड चाचणीतूनच जावं लागतं. कबड्डीतही तेच. ‘राज्यस्तरीय निमंत्रित संघांची भव्य कबड्डी स्पर्धा’ असा फ्लेक्स गावोगावी लागतो. चषक मोठा, रोख बक्षीस मोठं, पण राज्य अजिंक्यपद स्पर्धा वेगळी.

स्नूकरची विभागणी अगदी अशीच आहे. एका बाजूला रँकिंग स्पर्धा. व्यावसायिक टूरवरच्या सगळ्यांना त्या खुल्या असतात आणि तिथली कमाई क्रमवारीत मोजली जाते. दुसऱ्या बाजूला निमंत्रितांच्या स्पर्धा. कोण खेळणार हे आयोजक ठरवतो किंवा त्याने आधी जाहीर केलेला निकष ठरवतो. इथला पैसा खिशात जातो, क्रमवारीत जात नाही.

आधी खेळ दोन मिनिटांत समजून घ्या

तालुक्याच्या गावात दिसतं ते बहुतेक वेळा पूल टेबल असतं. छोटं, रंगीत आणि पट्ट्यापट्ट्यांच्या चेंडूंचं. स्नूकरचं टेबल साधारण १२ फूट लांब आणि ६ फूट रुंद. कापडाखाली दगडी पाटीचा थर, त्यामुळे वजन टनाच्या पुढे. एकदा बसवलं की हलवायचं नाव नको.

त्यावर १५ लाल चेंडू, सहा वेगवेगळ्या रंगांचे आणि एक पांढरा. क्यूने मारायचं फक्त पांढऱ्याला. एक लाल पॉकेटमध्ये घातला की १ गुण, मग एक रंगीत, मग पुन्हा लाल, असा क्रम. रंगीत चेंडूंत पिवळ्याला २, हिरव्याला ३, तपकिरीला ४, निळ्याला ५, गुलाबीला ६ आणि काळ्याला ७. लाल शिल्लक असेपर्यंत रंगीत चेंडू पुन्हा टेबलावर ठेवला जातो. प्रत्येक लालनंतर काळाच घातला तर १५ गुणिले ८ म्हणजे १२०, आणि शेवटी सहा रंगांचे २७. झाले १४७. न चुकता सलग केलेल्या गुणांना ‘ब्रेक’ म्हणतात. आणि समोरच्याला नेम धरायलाच वाव राहू नये असा पांढरा चेंडू इतर चेंडूंच्या आड लपवणं म्हणजे ‘स्नूकर’ करणं. खेळाचं नाव तेच.

एके काळी सगळंच आमंत्रणावर होतं

आज ‘रँकिंग स्पर्धा’ हा नियम आणि ‘निमंत्रितांची’ हा अपवाद वाटतो. पण सुरुवात उलटी झाली.

१९६९ मध्ये बीबीसीला रंगीत टीव्ही लोकप्रिय करायचा होता. रंग दिसल्याशिवाय समजणारच नाही असा खेळ कोणता? स्नूकर. मग ‘पॉट ब्लॅक’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. मोजके व्यावसायिक खेळाडू बोलवायचे, एकेका फ्रेमचा सामना ठेवायचा आणि रेकॉर्ड करून दाखवायचा. क्लबांच्या धुरकट खोल्यांतला हा खेळ ब्रिटनच्या दिवाणखान्यात पोचला तो या आमंत्रणवाल्या कार्यक्रमामुळे.

१९७५ मध्ये लंडनमध्ये ‘मास्टर्स’ सुरू झाली. एका सिगारेट कंपनीचं प्रायोजकत्व होतं आणि पहिल्या वर्षी दहा खेळाडूंना बोलावलं होतं. फायनल जॉन स्पेन्सर आणि रे रिअर्डन यांच्यात रंगली. शेवटच्या फ्रेममध्येही दोघांचे गुण सारखेच निघाले. अशा वेळी काळा चेंडू पुन्हा टेबलावर ठेवतात आणि तो जो घालेल तो जिंकतो. स्पेन्सरने तो घातला. ९-८.

जागतिक क्रमवारी नावाची गोष्ट आली १९७६ मध्ये. सुरुवातीची काही वर्षं तिच्यासाठी फक्त जागतिक अजिंक्यपद स्पर्धा धरली जायची. बाकी वर्षभर व्यावसायिक खेळाडू जे काही खेळायचे, ते क्रमवारीच्या हिशेबाबाहेरचं असायचं. १९८२ पासून इतर स्पर्धांनाही रँकिंगचा दर्जा मिळू लागला.

याच मधल्या काळात, १९८० साली, व्यावसायिक स्नूकर मुंबईत आलं.

मुंबईतली विसरलेली स्पर्धा

नाव होतं ‘बॉम्बे इंटरनॅशनल’. व्यावसायिकांची, निमंत्रितांची स्पर्धा. विजेता ठरला इंग्लंडचा जॉन व्हर्गो, उपविजेता कॅनडाचा क्लिफ थॉर्बर्न. आज ही नावं आपल्याकडे कुणाला फारशी माहीत नसतील, म्हणून थोडं सांगायला हवं.

व्हर्गोने त्याच्या थोडंच आधी, १९७९ च्या शेवटी, इंग्लंडमध्ये यूके चॅम्पियनशिप जिंकली होती. ती फायनल अजब होती. टीव्हीच्या सोयीसाठी सत्राची वेळ अलीकडे आणली होती. हे व्हर्गोच्या लक्षात आलं नाही, तो उशिरा पोचला आणि शिक्षा म्हणून त्याच्या दोन फ्रेम कापल्या गेल्या. तरी तो टेरी ग्रिफिथ्सविरुद्ध १४-१३ ने जिंकला. त्यात भर म्हणजे बीबीसीच्या कॅमेरामनांचा संप झाल्याने आयुष्यातला तो सर्वांत मोठा क्षण टीव्हीवर दिसलाच नाही. पुढे हाच व्हर्गो टीव्हीवर समालोचक आणि नकलाकार म्हणून घराघरात पोचला, हा भाग वेगळा.

आणि थॉर्बर्न? मुंबईत उपविजेता ठरलेला हा माणूस त्याच वर्षी मे महिन्यात ॲलेक्स हिगिन्सला १८-१६ ने हरवून जागतिक विजेता झाला.

म्हणजे त्या वर्षी मुंबईत जे दोघं फायनल खेळले, ते त्या घडीचे जगातले दोन सर्वोत्तम खेळाडू होते असं म्हणायला हरकत नाही. पण ही स्पर्धा वार्षिक परंपरा बनली नाही. निमंत्रितांच्या स्पर्धांचं हे पहिलं दुखणं. प्रायोजक असेल तोवर मांडव, प्रायोजक गेला की मांडवही गेला. रँकिंग स्पर्धाही बंद पडतात, नाही असं नाही. पण तिथे निदान खेळाडूंच्या क्रमवारीत तिची नोंद राहते आणि कॅलेंडरमध्ये तिची जागा ठरलेली असते. निमंत्रितांची स्पर्धा बंद झाली तर कुणाचं गणित बिघडत नाही, त्यामुळे ती वाचवण्यासाठी कुणी धावतही नाही.

आमंत्रण देतं कोण? आणि कशाच्या जोरावर?

इथे तीन-चार वेगवेगळ्या प्रकारांना एकच नाव आहे, आणि गोंधळ तिथेच होतो.

सगळ्यांत प्रतिष्ठेची अर्थातच मास्टर्स. जागतिक अजिंक्यपद आणि यूके चॅम्पियनशिपबरोबर तिला स्नूकरच्या ‘ट्रिपल क्राउन’मध्ये धरतात. तिच्या नावापुढे ‘निमंत्रितांची’ असलं तरी आता तिथे आयोजकाची मर्जी उरलेली नाही. १९८३ पासून १६ खेळाडू असतात आणि आज सरळ हिशेब आहे: क्रमवारीतले पहिले १६. सोळावा आत, सतरावा बाहेर. म्हणजे मास्टर्समध्ये क्रमवारीचे गुण मिळत नाहीत, पण आत जायला क्रमवारीच लागते.

सतराव्याचं नशीब कसं उघडतं, त्याचं उदाहरण २०२० चं. ओ’सुलिव्हनने आमंत्रण नाकारलं. (हो, बोलावणं नाकारता येतं.) त्याच्या जागी सतराव्या क्रमांकाचा अली कार्टर आला आणि थेट फायनलपर्यंत गेला. तिथे तो स्टुअर्ट बिंगहॅमकडून १०-८ ने हरला. उपविजेता म्हणून १ लाख पौंड मिळाले. क्रमवारीत भर? काही नाही. हेच १ लाख पौंड एखाद्या रँकिंग स्पर्धेत मिळाले असते तर तो सरळ वरच्या फळीत जाऊन बसला असता. कारण २०१४ पासून स्नूकरची क्रमवारी म्हणजे मागच्या दोन वर्षांतल्या रँकिंग स्पर्धांमधल्या बक्षिसाच्या रकमेची बेरीज. एक पौंड, एक गुण. ओ’सुलिव्हनला २०२४ मध्ये विक्रमी आठवं मास्टर्स विजेतेपद मिळालं तेव्हा बक्षीस होतं अडीच लाख पौंड, म्हणजे अडीच कोटी रुपयांच्या वर. क्रमवारीच्या कागदावर त्याची किंमत शून्य.

दुसरा प्रकार विजेत्यांच्या स्पर्धेचा. २०१३ मध्ये नव्याने सुरू झालेल्या ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’मध्ये प्रामुख्याने आधीच्या वर्षभरात स्पर्धा जिंकलेल्यांना बोलावतात.

तिसरा प्रकार हाँगकाँगसारखा. मोठी नावं बोलवायची आणि त्यांत स्थानिक चेहरे मिसळायचे, म्हणजे तिकिटं खपतात. यात कमीपणा मानायचं कारण नाही. नऊ हजार माणसं काही क्रमवारीचा तक्ता बघायला आली नव्हती.

मार्च २०२४ मध्ये सौदी अरेबियाच्या रियाधमध्ये झालेल्या निमंत्रितांच्या स्पर्धेत तर नवा चेंडूच आणला. सोनेरी. १४७ पूर्ण केल्यावरच तो घालायचा, त्याचे २० गुण, एकूण १६७. कुणाला ते जमलं नाही. स्पर्धा ओ’सुलिव्हनने लुका ब्रेसेलला ५-२ ने हरवून जिंकली. असले प्रयोग निमंत्रितांच्या स्पर्धेतच शक्य असतात, कारण तिथे नियम बदलला तर कुणाच्या गुणांवर परिणाम होत नाही. जुन्या चाहत्यांनी नाकं मुरडली, क्लिप मात्र सगळ्यांनी पाहिल्या.

वाइल्ड कार्ड: मागच्या दाराने आत, पण हिशेबात नाही

चौथा प्रकार सर्वांत महत्त्वाचा, कारण भारतासारख्या देशांचा संबंध त्याच्याशी येतो. स्पर्धा रँकिंगची असते, पण काही जागा आयोजक आपल्या पसंतीने देतात. याला वाइल्ड कार्ड म्हणतात.

२००४ च्या मास्टर्समध्ये चीनच्या सोळा वर्षांच्या डिंग जुनहुईला असंच वाइल्ड कार्ड मिळालं. पहिल्याच सामन्यात त्याने ज्यो पेरीला ६-३ ने हरवलं. पुढच्या फेरीत स्टीफन लीकडून तो ६-५ असा थोडक्यात हरला. पण नाव झालं.

खरी गोष्ट पुढच्या वर्षीची. एप्रिल २००५, बीजिंग, चायना ओपन. डिंगला अठरावं लागून दोन-तीन दिवस झाले होते. तो घरच्या स्पर्धेत वाइल्ड कार्डवर खेळत होता. फायनलमध्ये समोर सात वेळचा विश्वविजेता स्टीफन हेन्ड्री. डिंग ९-५ ने जिंकला. चीनमध्ये कोट्यवधी लोकांनी तो सामना टीव्हीवर पाहिला. आणि या विजेतेपदाचे क्रमवारीचे गुण? वाइल्ड कार्डवर आलेल्याला ते मिळत नव्हते. रँकिंग स्पर्धेचा विजेता, पण रँकिंगमध्ये नोंद नाही!

डिंगची गोष्ट तिथे थांबली नाही, कारण त्याच्यामागे चीनमध्ये अकादम्या, प्रायोजक आणि दरवर्षी होणाऱ्या रँकिंग स्पर्धांची रांग उभी राहिली. त्याच वाटेवरून पुढे २०२५ मध्ये झाओ शिनटाँग मार्क विल्यम्सला १८-१२ ने हरवून जागतिक विजेता झाला. चीनचाच नव्हे, आशियातला पहिला.

आणि आपण? खेळ तर आपल्याकडेच जन्मला

स्नूकरचा जन्म जबलपूरचा. १८७५ मध्ये तिथल्या लष्करी मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडू वाढवून हा खेळ सुरू केला, असं मानलं जातं. (ब्रिटनचा पंतप्रधान झालेला नेव्हिल चेंबरलेन वेगळा. गुगल केलं की दोघांची सरमिसळ हमखास होते.) लष्करी अकादमीतल्या नवख्या पोरांना ‘स्नूकर’ म्हणत. समोरचा खेळाडू सोपा चेंडू चुकला तेव्हा चेंबरलेनने त्याला गमतीत तसं म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. १९३८ मध्ये ‘द फील्ड’ या नियतकालिकाला पत्र लिहून चेंबरलेनने स्वतःच ही हकीकत मांडली. पुढे उटीच्या क्लबमध्ये नियम लिहून लावले गेले.

म्हणजे जन्मापासून हा खेळ मेस आणि क्लबच्या आतला. तिथे प्रवेशच मुळी आमंत्रणाने. टेबल एवढं मोठं आणि महाग, की ते गल्लीत किंवा शाळेच्या पटांगणात उतरलंच नाही. मुंबईतही जिमखाने आणि क्लब हेच या खेळाचे अड्डे राहिले. ब्रेबॉर्न स्टेडियम ज्यांचं आहे त्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात ‘सीसीआय स्नूकर क्लासिक’ ही अखिल भारतीय स्पर्धा होते आणि तिथल्या हॉलला नाव आहे विल्सन जोन्स यांचं.

जोन्स यांचं नाव आज किती जणांना आठवतं? १९२२ मध्ये पुण्यात जन्मलेले जोन्स १९५८ साली कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले. कोणत्याही खेळात वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६४ मध्ये न्यूझीलंडमध्ये त्यांनी ते पुन्हा जिंकलं. त्यानंतर मुंबईचे मायकेल फरेरा. १९७७, १९८१ आणि १९८३ असे तीनदा हौशी विश्वविजेते. १९८१ मध्ये त्यांनी पद्मश्री नाकारली. सुनील गावस्कर यांना पद्मभूषण मिळालं तर आपल्याला का नाही, हा त्यांचा सरळ सवाल होता. १९८३ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. १९८४ मध्ये ओम अगरवाल डब्लिनमध्ये हौशी स्नूकरचे विश्वविजेते झाले.

या सगळ्यांत ‘हौशी’ हा शब्द वारंवार येतोय, तो मुद्दाम. हौशी गटात भारत जगात पुढे, व्यावसायिक टूरवर मात्र भारतीय मोजकेच. मुंबईचे यासिन मर्चंट व्यावसायिक स्नूकरमध्ये उतरलेल्या पहिल्या भारतीयांपैकी. पुण्यात जन्मलेले आणि बेंगळुरूत वाढलेले पंकज अडवाणी २०१२ मध्ये टूरवर गेले, २०१३ च्या वेल्श ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि २०१४ मध्ये टूर सोडून परतले. बिलियर्ड्स आणि स्नूकर मिळून दोन डझनांहून जास्त जागतिक विजेतेपदं नावावर असलेला माणूस परततो, तेव्हा प्रश्न कौशल्याचा नसतो हे उघड आहे. टूरवर साधारण १२८ खेळाडू असतात, कार्ड दोन वर्षांचं असतं, आणि दोन वर्षांनी पहिल्या ६४ मध्ये नसलात तर ते बहुतेकदा जातं. बऱ्याचशा पात्रता फेऱ्या ब्रिटनमध्ये. म्हणजे तिथे घर, व्हिसा, सरावाचं टेबल, आणि हरलात तर कमाई जवळपास शून्य. इकडे मायदेशात पेट्रोलियम स्पोर्ट्स प्रमोशन बोर्ड किंवा रेल्वेसारख्या संस्थांची नोकरी, राष्ट्रीय स्पर्धा आणि भारताच्या नावाने खेळण्याचा मान. कोण कुठे थांबेल याचं गणित अवघड नाही.

पाच वर्षांची इंडियन ओपन

हे चित्र बदलेल असं वाटावं असा काळ मध्ये येऊन गेला. ऑक्टोबर २०१३ मध्ये दिल्लीत ‘इंडियन ओपन’ झाली. भारतातली पहिली रँकिंग स्पर्धा. त्यात स्थानिक खेळाडूंसाठी वाइल्ड कार्डही ठेवली होती. पण खरी बातमी घडवली ती वाइल्ड कार्डवर नसलेल्या एका भारतीयाने. मुंबईचा आदित्य मेहता टूरचा नियमित व्यावसायिक होता. त्याने उपांत्य फेरीत स्टीफन मॅग्वायरला हरवलं आणि रँकिंग स्पर्धेची फायनल गाठणारा पहिला भारतीय ठरला. फायनलमध्ये समोर कोण असावं? डिंग जुनहुई. डिंगने ५-० ने सामना संपवला.

तरी फरक लक्षात घ्या. २००५ मध्ये डिंगच्या जिंकण्याची क्रमवारीत नोंद झाली नव्हती; २०१३ मध्ये मेहताच्या हरण्याचीही झाली. पुढच्याच वर्षी मेहताने जर्मनीतल्या पॉल हंटर क्लासिकमध्ये १४७ चा ब्रेक केला.

दुसरी इंडियन ओपन मार्च २०१५ मध्ये मुंबईत, ग्रँड हयात हॉटेलमध्ये झाली. १९८० च्या बॉम्बे इंटरनॅशनलनंतर पस्तीस वर्षांनी जगातले व्यावसायिक मुंबईत टेबलावर उतरले, यावेळी क्रमवारीच्या गुणांसाठी. वेल्सच्या मायकेल व्हाइटने रिकी वॉल्डनला ५-० ने हरवून आपलं पहिलं रँकिंग विजेतेपद मिळवलं. पुढे २०१६ मध्ये हैदराबाद, २०१७ मध्ये विशाखापट्टणम आणि २०१९ मध्ये कोची. पाच स्पर्धा, पाच शहरं. कोचीनंतर मात्र खंड पडला.

स्पर्धा एका गावात रुजू न देता फिरवत राहिलं की प्रेक्षक तयार होत नाहीत, असं एक मत आहे आणि ते पटण्यासारखं आहे. शिवाय हॉटेलच्या हॉलमध्ये होणारी स्पर्धा रस्त्यावरच्या माणसाला कळतही नाही. हाँगकाँगच्या नऊ हजारांशी तुलना केली तर मुद्दा लगेच समजतो.

आमंत्रण आणि करार यांची टक्कर

निमंत्रितांच्या स्पर्धेवरून भांडणंही होतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये काही आघाडीच्या खेळाडूंना मकाऊमधून एका प्रदर्शनीय स्पर्धेचं आमंत्रण आलं. पैसा चांगला होता. अडचण एवढीच की त्याच दिवसांत बेलफास्टमध्ये टूरची नॉर्दर्न आयर्लंड ओपन होती. टूरने करारावर बोट ठेवलं: आमची स्पर्धा चालू असताना दुसरीकडे खेळता येणार नाही. खेळाडूंचं म्हणणं, आम्ही स्वतंत्र व्यावसायिक आहोत, आमच्या स्पर्धेत नाव नोंदवलेलंच नाही तर दुसरीकडे का खेळू नये? शेवटी मकाऊच्या आयोजकांनी तारीख पुढे ढकलली आणि वाद मिटला. क्रिकेट बोर्ड आणि परदेशी लीग यांच्यातली ओढाताण ज्यांना माहीत आहे, त्यांना ही कथा नवी वाटणार नाही.

आमंत्रणाचा आणखी एक प्रकार टूरवरच दिसतो. कार्ड गमावलेल्या पण खेळासाठी मोठं नाव असलेल्या खेळाडूंना दोन वर्षांचं ‘निमंत्रित कार्ड’ देतात. स्टीफन हेन्ड्री, जिमी व्हाइट, केन डोहर्टी अशांना ते मिळालं. पात्रता फेरीत धडपडणाऱ्या तरुण खेळाडूंपैकी काहींना हे खुपतं. मार्को फूही २०२२ मध्ये अशाच कार्डावर टूरवर होता.

एखाद्या स्पर्धेची बातमी दिसली तर काय बघायचं?

‘भारतीय खेळाडूने दिग्गजाला हरवलं’ अशी पोस्ट दिसली की तीन गोष्टी तपासाव्यात. स्पर्धा रँकिंगची होती का? तो खेळाडू टूरच्या कार्डावर खेळला की वाइल्ड कार्डवर? आणि सामना किती फ्रेमचा होता? कारण एका फ्रेमच्या किंवा पाच फ्रेमच्या सामन्यात कुणीही कुणाला हरवू शकतं. जागतिक स्पर्धेची फायनल ३५ फ्रेमपर्यंत चालते आणि दोन दिवस घेते.

भारतातून टूरवर जायच्या मुख्य वाटा दोन. एक, आशियाई किंवा जागतिक हौशी स्पर्धा जिंकणं. त्यांतून टूरचं कार्ड मिळू शकतं. दुसरी ‘क्यू स्कूल’ ही पात्रता स्पर्धा, जिथे प्रवेश फी भरून कुणालाही उतरता येतं. मुंबईचा ईशप्रीत सिंग चढ्ढा अलीकडच्या वर्षांत टूरवर खेळतो आहे. देशात खेळायचं तर सुरुवात राज्य संघटनेपासून होते. महाराष्ट्रात ती ‘बिलियर्ड्स अँड स्नूकर असोसिएशन ऑफ महाराष्ट्र’, आणि तिच्या वर भारताची बिलियर्ड्स आणि स्नूकर फेडरेशन. राज्य स्पर्धा, मग राष्ट्रीय, मग भारतीय संघ. या वाटेवर कुणाच्या बोलावण्याची वाट बघावी लागत नाही. लागतं ते सरावासाठी बारा फुटी टेबल, आणि ते अजूनही बहुतेक करून मोठ्या शहरांतल्या क्लबांत आणि पार्लरांतच सापडतं.